सुपातलं नाव

बारशाच्या दिवशी सकाळी रजतने स्टीलच्या डब्यांची दोन खोकी आणून हॉलमध्ये ठेवली, तेव्हा देवकीची माळ चालू होती. खोक्यांतून झाकणं किणकिणली आणि तिचे डोळे उघडले. कितवा मणी ते विसरलं. असं तिचं सहसा होत नसे. माळ पुन्हा मेरुमण्यापाशी नेऊन तिने पहिल्यापासून सुरुवात केली.

जप झाल्यावर तिने एक डबा हातात घेतला. महाल भागातल्या भांडेवाल्याने झाकणावर नाव घातलं होतं. यंत्राने ठिपका ठिपका जोडून, भोवती वेल काढून लिहिलेलं: त्विषा. येणाऱ्या प्रत्येक घराला एक, असे साठ डबे. भांड्यावरचं नाव जात नाही. तिच्या लग्नातल्या घंगाळावर तिच्या आईचं नाव अजून होतं, आईला जाऊन तीस वर्षं झाली तरी.

तिने पदराने झाकण पुसलं आणि डबा परत ठेवला.

तिची एक चूक या साठ डब्यांवर उमटली होती, आणि ती चूक तिच्या सोमवारच्या मौनाने केली होती.

लग्न झालं त्या वर्षीपासून ती सोमवारी बोलत नसे. सकाळच्या आंघोळीपासून संध्याकाळी दिवा लावेपर्यंत. लिहूनही दाखवायचं नाही, असं तिने स्वतःपुरतं ठरवलेलं. तीन आठवड्यांपूर्वीच्या अशाच सोमवारी रजत ऑफिसमधून लवकर आला, तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आई, नाव फायनल. त्विषा. म्हणजे प्रकाश, तेज. कसं वाटतं?" तिने हात वर केला, थांब म्हणून. डोळ्यांतून पाणी आलं. रजतने आत बायकोला ओरडून सांगितलं, "भूमिका, आईला रडू आलं! आशीर्वाद देऊन राहिली! पास!" आणि तिथेच बसून त्याने भांडेवाल्याला फोन लावला.

संध्याकाळी तिने दिवा लावला. मौन सुटलं. पण सांगायचं ते तोंडातून सुटलं नाही, आणि त्यावर तीन आठवडे गेले.

सांगायचं होतं ते असं. बाळ सातव्या महिन्यात झालं होतं. एक किलो शंभर ग्रॅम. धंतोलीतल्या दवाखान्यात चौतीस दिवस काचेच्या पेटीत. एकोणिसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता दोन दिवस बघू. बाकड्यावर बसून देवकीने त्या दिवशी नवस केला. आयुष्यभर तिने पुष्कळ नेम धरले होते, पण सगळे स्वतःच्या देहावरचे. मीठ सोडलं, चपला सोडल्या, एक वर्ष भात सोडला. या वेळी तसलं काही पुरेल असं तिला वाटेना. म्हणून ती म्हणाली, देवा, वाचू दे. मी तिला सुपात घालून विकीन. तिचं नाव सुपडी ठेवीन. पाच वर्षं तिला कोणी गोड नावाने हाक मारणार नाही.

जुन्या काळी ज्या घरात मुलं टिकत नसत तिथे असं करत. मूल सुपात घालायचं, ओंजळभर कोंड्याला दुसऱ्या बाईला विकायचं, आणि तिच्याकडून सांभाळायला म्हणून परत आणायचं. मग ते कोणाचं लाडकं राहत नाही. दृष्ट लागावी असं त्याच्याजवळ काही उरत नाही.

एकविसाव्या दिवशी बाळाची नळी काढली.

नवस मी केला, पण तो फेडायचा आहे दुसऱ्यांच्या जिभेने, हे देवकीला घरी आल्यावर कळलं. आणि ते कळल्यापासून तिला नीट झोप नव्हती.

*

दुपारी बारानंतर मनीषनगरचा रस्ता उन्हाने पांढरा झाला. आत कूलर चालू होता. खसाच्या ओल्या वासाने आणि हिरव्या पडद्यांतून गाळून येणाऱ्या उजेडाने सगळं घर पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. माणसं हळू चालत होती. बोलणंसुद्धा तरंगत येत होतं. पाळण्याला गुंडाळलेल्या मोगऱ्याच्या माळा कूलरच्या वाऱ्याने एका लयीत हलत होत्या, आणि आतल्या खोलीत भूमिकाच्या कुशीत तीन महिन्यांचं बाळ झोपेतच हसत होतं.

रामाजींना काटोलच्या घरून गाडीने आणलं होतं. देवकीचे सासरे, वय नव्वदीच्या पुढे. कूलरसमोरची खुर्ची त्यांची, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण दुसरं कोणी तिथे बसत नसे.

"नाव काय ठेवून राहिले बा पोट्टीचं?" त्यांनी विचारलं.

"त्विषा, आजोबा," रजत म्हणाला.

"तिवसा?"

"त्वि-षा."

"तेच म्हनून राहिलो ना मी. तिवसा. अमरावतीच्या रस्त्यावर. माह्या साडूचं घर हाये तिथं. पन गावाचं नाव काहून ठेवता पोरीले?"

स्वयंपाकघरातून कामिनी हसत बाहेर आली. रजतची थोरली बहीण. सदर भागात तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं, आणि दिवसभर बायकांशी बोलून तिची जीभ सुईसारखी झाली होती. "बरोबर आहे आजोबा. पुढच्या पोराचं नाव बडनेरा ठेवू. स्टेशनं लागत जातील."

"ताई, तू तरी," रजत म्हणाला. "तू आत्या आहेस. तुलाच कानात सांगायचं आहे. म्हणून दाखव एकदा."

"सकाळपासून आरशासमोर म्हणून राहिली मी. दात खालच्या ओठावर आले की जीभ मागे राहते. समोरच्या शामलाकाकू तर टुविशा म्हणतात. तुझे जीजू काल ट्विस्ट म्हणाले."

"सवय होईल. नाव वेगळं पाहिजे, ताई. वर्गात चार चार जणी एका नावाच्या असतात. हे मी बघून घेतलं आहे. हजारात एखादीचं असतं."

कामिनीने घुगऱ्यांसाठी उकडलेले हरभरे चाळणीत ओतले. वाफ तिच्या चेहऱ्यावर आली. "परवा लस द्यायला गेलो होतो तेव्हा मी होते ना भूमिकासोबत. तिथल्या सिस्टरने आवाज दिला, त्विषा आत या. तीन बाया उठल्या."

"तीन?" रजत म्हणाला.

"एक तर वाडीहून आलेली. तिने पण इंटरनेटवरूनच काढलं होतं. तिला पण कोणी सांगितलं होतं, हजारात एखादीचं असतं."

"तू सांगितलं नाहीस मला."

"डब्यांवर नाव पडलं होतं ना तोवर."

रामाजी खुर्चीत हसले. हसताना त्यांचा आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. रजत मात्र हसला नाही. तो पाळण्यापाशी गेला आणि ढळलेली माळ उगाच सारखी करत राहिला. कामिनीला वाईट वाटलं. तिचा भाऊ लहानपणीही रागावला की असाच काहीतरी सारखं करत बसे, पुस्तकं नाहीतर चपला.

"चांगलं आहे रे नाव," ती म्हणाली. "गंमत केली मी. आई, हरभरे पसरायला मोठं ताट कुठं आहे?"

देवकी आत न्हाणीघरापाशी होती. तिने उत्तर देण्याआधीच कामिनी देवघराच्या खोलीत शिरली. ताट नाही मिळालं. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत, जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक सूप मिळालं. कोरं करकरीत, ओल्या बांबूचा वास अजून न गेलेलं. चार कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं, आणि आत पुरचुंडीत कोंडा.

"आई," ती सूप दोन्ही हातांत धरून हॉलमध्ये आली. "हे काय आहे वं?"

*

देवकी खोटं बोलत नसे. तो काही नेम नव्हता, तिला ते जमतच नसे. ती सोफ्याच्या कडेला बसली आणि हातातल्या ओल्या पंच्याची घडी करत तिने सगळं सांगितलं. बाकडं, एकोणिसावा दिवस, सूप, सुपडी, पाच वर्षं. सांगताना आवाज कुठे वर गेला नाही. कूलरच्या घरघरीत काही शब्द बुडाले, आणि कोणी ते परत विचारले नाहीत.

"मी त्या दिवशी बोलणार होते," ती शेवटी म्हणाली. "सोमवार होता."

"आणि मंगळवारी?" रजत म्हणाला. "बुधवारी? आई, तीन आठवडे झाले!"

"तू इतका खुश होता."

"म्हणून आता सांगून राहिली? पाच वाजता लोक येऊन राहिले. साठ डबे आहेत बाहेर. सुपडी! शाळेत काय म्हणतील तिला?"

"पाच वर्षंच, बाळा."

"पाळण्यातलं नाव सुपडी ठेव ना. एक दिवस. कागदावर आपण त्विषा लावू. सगळे तसंच करतात."

देवकीने नकारार्थी मान हलवली. "हाक मारायची नाही असं बोलले मी. तुम्ही सगळे तर रोज तेच म्हणून हाक मारणार."

"मग तू सुपडी म्हण. आम्ही त्विषा म्हणू."

"कोणीच नाही असं बोलले." तिच्या पंच्याची घडी आता तळहाताएवढी झाली होती. "माझं चुकलं. दुसऱ्याच्या तोंडावर बंधन घालायचा मला काय हक्क होता? पण त्या वेळी तोंडातून निघून गेलं. आता ते परत कसं घेऊ? तिला काही झालं तर?"

रजतने डोक्यावरून हात फिरवला.

"तुला काय वाटतं, तू एकटीच मागत होतीस तिथं? तू माळ ओढत होतीस. मला येतं का काही? एक स्तोत्र पाठ नाही मला. मी फोनवर नावं वाचत बसलो होतो. अ पासून. एकेक नाव वाचायचं, डोळे मिटायचे, ही त्या नावाने मोठी झालेली दिसते का बघायचं. शाळेत जाताना, गाडी शिकताना. एक झालं की दुसरं. नाव संपेपर्यंत ती राहील असं वाटायचं. एकविसाव्या दिवशी मी त्विषापाशी आलो, आणि सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, नळी काढली." तो थांबला. "ते काही इंटरनेटवरचं नाव नाही माझ्यासाठी."

देवकीने पोराकडे पाहिलं. त्याच बाकड्यावर, हातभर अंतरावर, तो फोनमध्ये डोकं घालून बसलेला तिला आठवला. त्या वेळी ती मनात म्हणाली होती, या पोराला अशा घडीलाही फोन सुटत नाही. शेजारी कोणीतरी जप करत होतं आणि तिला ते ऐकू आलं नव्हतं.

देवाने कोणाचं ऐकलं? विचार मनात आला आणि तिने लाजून तो तिथेच सोडला.

कामिनी सूप धरून उभीच होती. इतका वेळ ती भावाच्या बाजूची होती. आता तिने आईकडे पाहिलं आणि ती आजोबांकडे वळली. "आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही तरी सांगा काही."

रामाजींनी डोळे मिटले होते. झोपले असं वाटावं इतक्या वेळाने ते म्हणाले, "मले सात वर्सं उकंड्या म्हनत."

"काय?"

"उकंड्या. माह्या मायचे चार गेले माह्या आंधी. मंग मले उकिरड्यावर ठेवलं आन तिथून उचलून आनलं. रामाजी त शाळंतल्या मास्तरानं लिवलं. लय दिवस मले समजेच ना, हा रामाजी कोन हाये म्हनून. मास्तर हाका मारे, मी मांगं वयून पाहो." त्यांचे खांदे हलले. "नावानं काई अडत नाही गा रजत. उकंड्या म्हनलं तरी भाकर मिये."

*

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, पण कडी लागलेली नव्हती. भूमिकाने सगळं ऐकलं होतं.

बाळ पिता पिता झोपलं होतं. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. तिची बोटं भूमिकाच्या गाऊनच्या बटणावर मिटलेली, इतकी हलकी की पान पडल्यासारखी. पडद्याचा हिरवा उजेड तिच्या कपाळावर हलत होता. भूमिकाला पुष्कळदा वाटे की ही मुलगी अजून पूर्ण आलेली नाही. कुठल्यातरी पाण्याच्या काठावर एक पाय ठेवून उभी आहे, आणि मोठ्याने बोललं तर मागे वळून जाईल.

तिने आजवर तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं ते. ती बाळा म्हणे, ए म्हणे, माऊ म्हणे. पेटीवर चिठ्ठी होती, भूमिकाचं बाळ. शेजारच्या पेटीवर मात्र चमकीच्या अक्षरांत नाव लावलेलं होतं. मुलाचे आईबाप रोज काचेवर बोट टेकवून त्या नावाने बोलत. फार सुंदर नाव होतं. एका सकाळी ती गेली तर आया ती पेटी पुसत होती, आणि चमकीची अक्षरं ओल्या फडक्याला चिकटली होती.

हे तिने रजतला सांगितलं नव्हतं. तो तेव्हा नावं वाचत होता.

ती उठली. बाळाला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये आली.

"मला चालेल," ती म्हणाली.

"काय चालेल?" रजतने विचारलं.

"सुपडी."

"तू? तूच तर हो म्हणाली होतीस. तूच म्हणालीस छान आहे."

"छानच आहे." ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, बाळाचं डोकं दोघांच्या मध्ये. "रजत, ते नाव इतकं छान आहे की मोठ्याने घेतलं तर कोणीतरी ऐकेल असं वाटतं मला. मी मनात घेते रोज. तोंडाने नाही होत. मी प्रयत्न केला. सकाळी तू आंघोळीला गेलास की प्रयत्न करते."

मग तिने शेजारच्या पेटीचं सांगितलं. चारच वाक्यं.

रजतने ऐकलं. काही वेळ तो बाळाच्या टाळूकडे बघत राहिला, जिथे कातडीखाली अजून ठोका दिसत होता. "सांगायचं ना मला," तो म्हणाला. "मी उगाच सगळ्यांना ते नाव म्हणायला लावत होतो." आणि डब्यांचं खोकं त्याने पायाने हळूच भिंतीकडे सरकवलं.

"विकत कोण घेणार मग?" कामिनीने विचारलं. इतका वेळ भरून राहिलेल्या हवेत कोणीतरी कामाचं बोलायला हवं होतं.

देवकी खाली बघून म्हणाली, "शामलाबाईंना विचारलं होतं मी. त्यांचे तिन्ही मुलगे, नातवंडं, सगळं नीट आहे. लेकुरवाळी लागते त्याला."

"हो," कामिनी म्हणाली. "बरोबर आहे."

तिने सूप टेबलावर ठेवलं, अगदी अलगद, जसं काही आपला हात त्याला लागलाच नव्हता. कामिनीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. औषधं झाली, मोठमोठे डॉक्टर झाले, दोनदा आशा लागून विरली. त्याविषयी घरात आता कोणी बोलत नसे. देवकीने लेकीचे हात सुपावरून निघताना पाहिले, आणि आपण वापरलेला तो शब्द तिला स्वतःलाच बोचला.

"कोन म्हनते लेकुरवाळी लागते?" रामाजी म्हणाले.

"तसंच करतात ना, मामाजी. आमच्याकडे तरी."

"मले कोनं घेतलं, माहीत हाये का? तान्याबाई तेलीन. तिले एकबी लेकरू नोहतं." म्हाताऱ्याने डोळे उघडले. "माही माय म्हने, जिचं घर भरलं हाये ते काहून घीन? हातात घीन आन ठेवून दीन. जिले नाही, ते घट्ट धरीन. मराले टेकलो तरी सोडनार नाही. मी तापानं फनफनलो त माही माय झोपली, तान्याबाई बसून राह्यली. मले दोन माया होत्या बापा. तुमच्या कोनाले होत्या?"

कूलरच्या पाण्यात टपटप आवाज होत राहिला.

"ताई," भूमिका म्हणाली, "तुम्ही घ्या हिला."

"मजाक नको करू भूमिका."

"मजाक नाही."

"माझ्या हाताला यश नाही वं." कामिनीने हे हसून म्हणायचा प्रयत्न केला. "आणि मी घेतली ना, तर परत नाही द्यायची. आधीच सांगते."

"म्हणूनच," भूमिका म्हणाली.

कामिनीने आईकडे पाहिलं. देवकीला तिच्या पोथ्या आठवल्या, तिच्या सासूने सांगितलेलं आठवलं, शामलाबाईंना दिलेला शब्द आठवला. मग ती उठली, टेबलावरचं सूप तिने उचललं आणि लेकीच्या हातात दिलं.

"धर," ती म्हणाली. "शामलाबाईंना मी सांगते."

*

पाचनंतर घर भरलं. बायकांच्या गजऱ्यांचा, सुंठवड्याचा, ओल्या खसाचा वास एकमेकांत मिसळला. शामलाकाकू रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, बरं झालं, माझे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही.

पाळण्याआधी कामिनीने आईला कोपऱ्यात ओढलं. "नवस नेमका काय होता? शब्द सांग."

"पाच वर्षं तिला कोणी गोड नावाने हाक मारणार नाही."

"हाक. आणि आत्याने कानात सांगायचं ती हाक असते का? फक्त तिलाच ऐकू जातं. घेणारी मी आहे, ठेवणारी मी. मोठ्याने सुपडी. कानात रजतने काढलेलं."

देवकी विचारात पडली. देवाशी वकिली करू नये, असं तिला नेहमी वाटत आलं होतं. पण रजत समोर उभा होता, पाहुण्यांना पाणी देत, कोणाकडे न बघता. तिने देवघराकडे तोंड करून क्षणभर डोळे मिटले. आजवर देवाने तिला कधी शब्दांत पकडलं नव्हतं. तिनेही त्याला पकडू नये, एवढंच तिला कळत होतं. पण यात पकडणं नव्हतं. एका बाकड्यावर दोघांनी मागितलं होतं. दोघांचंही त्याच्याकडे पोचलं असेल.

"सांग," ती म्हणाली.

भूमिकाने बाळाला सुपात ठेवलं. मऊ धोतराची घडी, तिच्यावर ते एवढंसं शरीर. कामिनीने पुरचुंडीतला कोंडा ओंजळीत घेतला आणि भूमिकाच्या पदरात घातला. घेणारीने मूल उंबऱ्याबाहेर न्यायचं असतं, आपल्या घरी नेल्यासारखं. कामिनी सूप घेऊन बाहेर पडली.

फाटकाबाहेर ऊन उतरलं होतं. समोरच्या गुलमोहराखाली सगळी जमीन लाल झाली होती, आणि वारा नव्हता तरी एखादं फूल गळत होतं. आत बायकांनी धरलेलं पाळण्याचं गाणं इथे येईपर्यंत शब्द गाळून नुसता सूर उरत होता. कामिनी झाडाखाली गेली. खाली वाकून तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. कुर्रर्र केलं. मग ते नाव म्हटलं. दिवसभर आरशासमोर न जमलेलं नाव तोंडातून श्वासासारखं निघालं. बाळाने डोळे उघडले. काळे, ओले, कुठेच न पाहणारे आणि सगळं पाहणारे.

"ऐकलं ना? कोणाला सांगायचं नाही," कामिनी म्हणाली.

माझी, तिने मनात म्हणून पाहिलं. ओंजळभर कोंडा देऊन घेतलेली. साठ घरांच्या साक्षीने. रस्ता पुढे रिकामा होता, सोनेरी धुळीचा, आणि त्या रस्त्याने असंच चालत गेलं तर काय होईल, असं तिला एखाद्या स्वप्नातल्यासारखं वाटून गेलं. सूप हलकं होतं. ती चार पावलं चाललीसुद्धा. झाडाच्या सावलीबाहेर ऊन बाळाच्या पायावर पडलं, तशी ती थांबली आणि स्वतःची पाठ उन्हाकडे केली.

घराकडे वळली तेव्हा भूमिका फाटकात उभी होती. हाक न मारता. घाई न करता.

आत सगळे थांबलेले होते. "कोणाची गं ही?" देवकीने विचारलं, तसं विचारायचं असतं म्हणून.

"माझी," कामिनी म्हणाली. "सुपडी नाव आहे तिचं."

बायका हसल्या, कुजबुजल्या. शामलाकाकूंनी हातातला डबा उलटसुलट करून पाहिला. "मग या झाकणावर हे कोण आहे?"

"ते डब्याचं नाव आहे, काकू," रजत म्हणाला, आणि आज दिवसभरात पहिल्यांदा हसला.

"आम्हांला सांभाळायला द्याल का?" भूमिकाने विचारलं. हेही विचारायचं असतं. पण तिने ते विचारलं खरंखुरं, नणंदेच्या डोळ्यांत बघून.

कामिनीने सूप छातीशी जरा ओढून घेतलं. "देते," ती म्हणाली. "पाच वर्षं. दर रविवारी मी बघायला येणार. हयगय दिसली तर उचलून नेईन, सांगून ठेवते."

"न्या," भूमिका म्हणाली. तिने सुपाची एक कड धरली. "ए सुपडे, चल. आत्याकडे दूध नाही आहे." आणि म्हटल्यावर स्वतःच चमकली, तोंडातून इतक्या सहज बाहेर आलं म्हणून.

दुसरी कड कामिनीच्या हातात तशीच राहिली. सूप दोघींच्या मध्ये होतं. बाळ त्यात जांभई देत होतं. बाळाला पाळण्यात घालायला गुरुजींनी दिलेला मुहूर्त सहा वाजून पाच मिनिटांपर्यंतचा होता, आणि देवकीच्या समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. पण तिने लेकीच्या हाताकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं नाही. तिने बायकांना खूण केली, आणि त्यांनी पाळण्याचं गाणं पुन्हा पहिल्या कडव्यापासून धरलं.